समजा, झाकण उघडलं तर

वामनकाका इंगोले बाहेर निघाले की आधी मला हाक येते. "मॅडम, जरा येता का." मी हातातलं काम सोडून जाते. काका दाराला कुलूप लावून बाजूला उभे असतात. ते कुलूप मी ओढून बघायचं. तसं ते स्वतःही ओढतात, अगदी लोंबकळून ओढतात, पण त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही. "मीच लावलं अन् मीच ओढलं, तं त्याले काय अर्थ हाय," असं त्यांचं म्हणणं. पेपर लिहिणारा आणि तपासणारा वेगळा पाहिजे, हे मला शिक्षिकेला तरी कळायला हवं, असं त्यांना वाटतं. मी ओढते, "लागलं काका" म्हणते. ते गल्लीच्या तोंडापर्यंत जातात, तिथून वळून पुन्हा माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. तेव्हा कुठे स्वारी पुढे सरकते.

मी मूळची राजूरची, कोळशाच्या खाणीशेजारी वाढलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन दिग्रसला आले, तेव्हा घरमालकानं किल्ली देता देता सांगितलं होतं, "शेजारचा माणूस लय सज्जन हाय. फक्त 'समजा' म्हणाला का मनावर घेऊ नका." मी हसले होते. दुसऱ्या दिवशी माझा फ्रिज आला. हमाल गेल्यावर काका दारात उभे राहून त्या फ्रिजकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "समजा, हे दार उघडाले गेलं अन् सारंच्या सारं अंगावर आलं."

मी अजूनही तो फ्रिज उघडताना एक हात वर धरते.

काकांचं 'समजा' कशालाही लागतं. समजा, टाकी भरली अन् आपल्याले डोळा लागला. समजा, रिक्षावाला चांगला हाय, पन ब्रेक चांगला नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्यानं जाऊ लागल्या, की ते खिडक्या लावून घेतात. समजा, एखाद्या गाडीचा दोर सुटला. त्यांचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण असल्याचं गल्लीत बोललं जातं. दारव्ह्याकडची मुलगी बघायला गेले होते. मुलगी चांगली, घर चांगलं. सगळे होकाराची वाट बघत बसलेले, आणि काकांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "समजा, तिले मी आवडलो नाही तं?" वडील म्हणाले, आवडाल की. काका म्हणाले, "आता आवडन हो. पन समजा, मंग नाही आवडलो." मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ पाहिलं.

असा माणूस नोकरी काय करत असेल, तर एसटीत कंडक्टर. दिग्रस ते पुसद आणि पुसद ते दिग्रस, निवृत्त होईपर्यंत उभी हयात. मला आधी नवल वाटायचं. मग एकदा शाळेच्या शिपायानं सांगितलं की या मार्गावरच्या म्हाताऱ्या बायका काकांच्या गाडीसाठी आधीची गाडी सोडून द्यायच्या. शेवटची म्हातारी नीट टेकून बसल्याशिवाय काका घंटी देत नसत.

तर, कॅमेऱ्याचं.

थंडीतली दुपार होती, रविवार. काका एक स्टीलचा डबा घेऊन आले. डब्यात काळं फडकं, फडक्यात कॅमेरा. तळहाताएवढा, काळ्या प्लास्टिकचा, पुढचं सरकतं झाकण ओढलं की भिंग दिसणारा. पूर्वी घरोघरी असायचा तसा, रिळाचा. काकांनी तो कानाला लावला, मग माझ्या कानाला लावला.

"आवाज येते का?"

"कशाचा?"

"तेच तं. काहीच येऊन नाही राह्यला."

मी चालू करायचं बटण दाबलं. आत घुर्र झालं, अर्ध्यात अडकलं, आणि एक लाल दिवा लुकलुकायला लागला. काका त्या दिव्याकडे असे बघत होते, जणू तो दवाखान्यातल्या यंत्रावर लागला आहे.

मी सहज मागचं झाकण चाचपलं, तर त्यांनी झडप घालून कॅमेरा काढून घेतला. त्या माणसाला इतक्या चपळाईनं हलताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"झाकन नाही उघडाचं. आत रीळ हाय. उजेड लागला का सारं जळते."

"बरं, नाही उघडत."

"दुसऱ्याची वस्तू हाय मॅडम," ते म्हणाले आणि फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पहिला संशय सेलवर. काकांनी नवे सेल आणले होते, पण दुकानदारानं जुने दिले असतील तर, म्हणून ते आधी भिंतीवरच्या घड्याळात घालून दिवसभर घड्याळासमोर बसले होते. घड्याळ चाललं. तरी कॅमेरा चालेना. मी सेलची खालची झडप उघडली. आतल्या पत्र्यांवर हिरवट पांढरा बुरा साचला होता. जुने सेल आत राहून पाझरले की असं होतं, हे मला शाळेतल्या रेडिओमुळे ठाऊक होतं. मी लिंबू म्हटलं, तर काका म्हणाले, "समजा, रस आत गेला." मग खोडरबर काढला. त्यांनी आधी खोडरबराचा चुरा पडतो का ते टेबलावर घासून बघितलं. पडत होता. शेवटी कॅमेरा उलटा धरून, चुरा खालच्या खाली पडेल अशा बेतानं, मी पत्रे घासले. काका खाली वाकून चुरा तळहातावर झेलत होते.

सेल घातले. बटण दाबलं. घुर्र झालं आणि भिंग सुळकन बाहेर आलं. बारीक शिट्टीसारखा आवाज करत फ्लॅशचा दिवाही लागला.

"झालं काका. काढा आता एक फोटो."

"कायचा?"

"माझा काढा. तुळशीचा काढा. चालते का ते बघायला."

काका कॅमेरा छातीशी धरून मागे सरकले. रिळात थोडेच फोटो उरलेत, ते वाया घालवायचे नाहीत. म्हणजे कॅमेरा चालतो याची खात्री त्यांना हवी होती, पण चालवून बघायचा नव्हता. आम्ही दोघं त्या चालू कॅमेऱ्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं भिंग आपणहून आत जायला लागलं, अर्ध्यात थांबलं, आणि लाल दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते उठून दाराशी गेले, पण आमचं घर एवढंसं, सगळं ऐकू येत होतं.

"हो, मस्त चालू हाय… नाही नाही, त्याले काय होते… दोन-चारच रायले आता. ऊन चांगलं नाही म्हणून थांबलो… हो. करतो ना. ठेव."

परत येऊन बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दूधवाल्यानं चुकून जास्त दूध घातलं तर त्याच्या मागे धावणारा हा माणूस. मी त्यांना खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सवय नसल्यामुळे ते फार जोरात बोलत होते.

"कोणाचा फोन होता?"

"कोनाचा नाही. डेपोतला."

नंतरचे काही दिवस त्या कॅमेऱ्यानं आमच्या दोघांच्याही घरात मुक्काम केला. शाळेतून आले की काका दारातच असायचे. मी मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ लावायचे. त्यातला कुणीतरी परदेशी माणूस हसत हसत कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचा, की काका मान फिरवायचे, ऑपरेशन बघवत नाही तशी. "त्याच्या रिळात काही नसन," म्हणायचे. खालच्या बाजूला टाचणीनं दाबायचं एक बारीक भोक सापडलं. ते दाबलं की रीळ अर्ध्यातूनच उलटं गुंडाळून डबीत परत जातं, असं व्हिडिओत होतं. मी दाबलं. आत मोटर कण्हली, काहीतरी कटकन झालं, आणि आता घुर्रसुद्धा बंद पडलं.

काका उठून घरी गेले. सकाळी त्यांचे डोळे सुजलेले दिसले.

आता एकच मार्ग उरला होता. पूर्ण अंधारात झाकण उघडायचं आणि रीळ हातानं गुंडाळायचं. मी म्हटलं, गोधडीत हात घालून करू. काकांनी घरातल्या सगळ्या गोधड्या उन्हात आडव्या धरून, आतून डोकं घालून बघितल्या. एकीत त्यांना भोक सापडलं. दुसऱ्यांत सापडलं नाही, पण समजा, दिसलं नसन. शेवटी माझ्या शाळेतल्या एका बाईंनी यवतमाळच्या एका जुन्या स्टुडिओचं सांगितलं. तिथं अजून अंधारखोली आहे म्हणे. मी सुटी टाकली.

बसमध्ये काकांनी ऊन येणार नाही ती बाजू निवडली. दारव्ह्यानंतर रस्ता वळला आणि ऊन नेमकं आमच्या खिडकीत आलं. पिशवीतला डबा मांडीवर, डब्यावर दोन्ही हात. दर थोड्या वेळानं ते डबा उघडून कॅमेरा आहे का ते बघत. मी म्हटलं, "काका, त्याले पाय फुटले नाहीत."

"नाही, पन समजा…" म्हणाले आणि थांबले. मग खिडकीबाहेर बघत एकदम बोलायला लागले.

कॅमेरा हरसिंग राठोडचा होता. काकांच्या गाडीचा ड्रायव्हर. एवढी वर्षं एकाच गाडीवर दोघं, एकच डबा, एकच चहा. हरसिंगला फोटोंचा भारी नाद. गाडी थांबली की तो उतरून काहीतरी टिपायचा. वऱ्हाडाची गाडी असली की नवरदेवाचा फोटो काढून पुढच्या खेपेला घरपोच द्यायचा. मग साखर डोळ्यांत उतरली. आधी स्टिअरिंग सुटलं, डेपोत बसायचं काम मिळालं, मग तेही संपलं. आता तो त्याच्या तांड्यावर असतो. एक डोळा गेला, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून थोडं दिसतं, तेही किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत.

"त्याचं शेवटचं रीळ अर्धं रायलं होतं. मले म्हणे, बाकीचं तू काढ. आपला रस्ता काढ. कागदावर मोठे करून आन, दिसते तवर पाहीन." काका डब्यावरून हात फिरवत होते. "मी काढले मॅडम. पुलाचा काढला, घाटाचा काढला. पन एकेकाले लय वेळ लागे. ढग येत, बैल आडवे येत. घाई केली असती तं झालं असतं. रोज फोन करते तो. रीळ झालं का, म्हणते."

"मोबाईलवर काढून मोठे करता आले असते."

"आले असते. पन त्यानं मले त्याचं अर्धं रीळ देलं ना."

बाहेर यवतमाळच्या अलीकडच्या लोहाऱ्याच्या कारखान्यांच्या भिंती दिसायला लागल्या. "आलं," काका म्हणाले. आता उतरायचं, गर्दी, धक्काबुक्की. त्यांनी पुन्हा डबा उघडला, फडकं बाजूला केलं, आणि झाकण पक्कं लागलं आहे ना, हे बघायला अंगठ्यानं खटका जरासा दाबला.

खट् असा आवाज आला आणि झाकण सताड उघडलं. दुपारचं ऊन थेट मांडीवर होतं. आतली तपकिरी पट्टी मला स्पष्ट दिसली, चकचकीत, रिकाम्या बाजूच्या चाकावर गुंडाळलेली.

काकांनी झाकण लावलं. फडकं गुंडाळलं. डबा बंद केला. मी वाट बघत होते, आता 'समजा' येईल. आलं नाही. यवतमाळ येईपर्यंत ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसून राहिले. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याची फार भीती वाटली.

स्टुडिओवाले रफिकभाई आता फक्त पासपोर्टचे फोटो काढतात. अंधारखोलीत प्लास्टिकच्या फुलांचे हार आणि जुन्या फ्रेमा भरलेल्या होत्या. त्या त्यांनी बाहेर काढल्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं आणि कॅमेरा घेऊन आत गेले. काका बाहेरून दाराची कडी घट्ट धरून उभे राहिले. दुकानात आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरीही.

रफिकभाई बाहेर आले तेव्हा रीळ डबीत होतं. "दात घासलाय आतला. कॅमेरा संपला हा," त्यांनी सांगितलं. "रीळ नागपूरला धुवायला पाठवतो. काही वाचलं असेल."

"कोनतं वाचलं असन?" काकांनी विचारलं.

"जे आधी काढले ते आत गुंडाळलेले असतात. नंतरचे वरच्या अंगाला. ऊन आधी त्यांना लागतं."

काकांनी जरा विचार केला. "म्हंजे माह्ये गेले."

"तुमचे शेवटचे आहेत का? मग गेलेच समजा."

"अन् पहिले ज्यानं काढले त्याचे?"

"ते राहतील बहुतेक."

काका तिथल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

फोटो यायला वेळ लागला. त्या दिवसांत मला कुलूप ओढायला हाक आली नाही, कारण काका बाहेरच पडत नव्हते. फोन वाजत राहायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, वाजून वाजून थांबायचा. एकदा मी जाऊन म्हटलं, "उचला तरी. तो माणूस काळजीत पडला असेल."

"काय सांगू त्याले?"

"खरं सांगा."

"फोनवर?" ते म्हणाले. मी काहीतरी भलतंच सुचवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पाकीट मीच आणलं, प्रशिक्षणाला यवतमाळला गेले होते तेव्हा. काकांनी ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, पण उघडलं नाही. हरसिंगसमोरच उघडायचं ठरलं. आणि एकट्यानं जायची त्यांची तयारी नव्हती. रविवारी सकाळच्या पुसद गाडीनं आम्ही निघालो.

तांड्याच्या फाट्यावर उतरलो. आत पायवाट, एका बाजूला वेचून झालेली कपाशी, दुसऱ्या बाजूला तूर. काका माझ्या मागे मागे पडत होते. मी थांबले की तेही थांबत.

"काका, रस्ता हाच ना?"

"हाच असन. मी आत नाही आलो कधी."

"कधीच नाही?"

"त्याचे डोळे गेल्यापासून नाही. फाट्यापर्यंत आलतो, फोटो काढाले. मंग तिथूनच वापस गेलो."

हरसिंगचं घर तांड्याच्या कडेला होतं. अंगणात खाट, खाटेवर उन्हात एक धिप्पाड माणूस बसलेला, काळा चष्मा, पांढऱ्या मिशा. दारात त्याची बायको सोनाबाई मिरच्या निवडत होती. तिनं आम्हाला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"वामनभाऊ आले," ती नवऱ्याला म्हणाली.

हरसिंगनं मान तिरपी केली. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं म्हणून. "ये भिया," भावाला त्यांच्यात म्हणतात तसं तो म्हणाला. "संगं कोन हाय?"

काका ना बसले, ना माझी ओळख करून दिली. खाटेपासून हातभर अंतरावर उभं राहून ते एका दमात म्हणाले, "हरसिंग, मी तुह्यं रीळ जाळलं."

सोनाबाई माझ्याकडे बघायला लागली. हरसिंगनं चष्मा काढला, लुगड्याच्या तुकड्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"पुरं?"

"नाही. माह्यं अर्धं."

"मंग तुह्यंच जाळलं ना. माह्यं कायले म्हनतो?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सेल, टाचणी, लोहाऱ्याचं ऊन, खटका. हरसिंग मान हलवत ऐकत होता. "तो खटका पहिल्यापासूनच ढिला हाय," तो म्हणाला. "मी त्याच्यावर ट्यूबचं रबर लावून ठेवलं होतं."

"ते मी काढलं. म्हटलं, रबरानं बटन दाबलं जाईन."

हरसिंगचं पोट हलायला लागलं. तो आवाज न करता हसत होता, आणि सोनाबाईनं पदर तोंडाला लावला होता. काका मात्र तसेच उभे. "रस्ता गेला, हरसिंग. तुले पाहाचा होता तो."

"रस्ता कायले पायजे मले? तो मले पाठ हाय."

"मंग काढाले काहून सांगतलं होतं?"

"अरे, फोटो काढाले त्या रस्त्यानं येशीन तं इकडंही येशीन, म्हणून." हरसिंगचं हसू ओसरलं होतं. "फाट्यावरच्या दुकानवाल्यानं पाह्यलं तुले. एक डाव नाही, बरेच डाव. येते, फोटो काढते अन् उभ्या उभ्या वापस जाते म्हणे. घरी काहून नाही आला?"

काका आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"भेव वाटलं."

"माह्यं?"

"तुले तसं पाहाचं."

हरसिंगनं खाटेवर हात आपटून जागा दाखवली. "बस. दाखव काय वाचलं ते."

काका बसले. पाकीट फोडायला त्यांना जमेना, ते सोनाबाईनं विळ्यानं फोडलं. खालचे बरेचसे कागद नुसतेच नारिंगी-पांढरे होते, पूल नाही, घाट नाही. वरचे मात्र आले होते. रंग जरा तांबूस पडलेले, पण स्वच्छ. काकांनी पहिला फोटो हरसिंगच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरला, मग स्वतः बघितला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

मी मागून वाकून बघितलं. फोटोत खाकी कपड्यांतले तरुणसर काका होते. खांद्याला तिकिटांची पिशवी, चेहरा वर, आभाळ बघत उभे. दुसऱ्यात ते एका म्हातारीचं गाठोडं टपावरून उतरवून घेत होते. आणखी एकात गाडीच्या टायरशी उकिडवे बसून त्याला हात लावून बघत होते. एकात चहाचा कप हातात घेऊन कपात काय पडलं ते शोधत होते. काका एकेक फोटो मागे टाकत गेले, भराभर, दुसरं कुणीतरी निघेल म्हणून. काकांच्या घरात मी देवांचे फोटो पाहिलेत, आईवडिलांचा पाहिलाय. त्यांचा स्वतःचा एकही कधी पाहिला नव्हता.

"याच्यात तं सारा मीच हाय," ते म्हणाले.

"मंग कोन रायन? गाडीत आपन दोघंच तं होतो कायम. माह्या हातात कॅमेरा होता."

"मले दिसला नाही कधी काढताना."

"तुह्यं ध्यान कुठं असे."

एका फोटोवर काका थांबले. त्यात ते कंडक्टरच्या सीटवर बसल्या बसल्या झोपले होते, मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. मागे सीटांवर माणसं बसलेली दिसत होती.

"हे काय हाय?" त्यांनी फोटो हरसिंगच्या डोळ्याशी नेला. त्याला दिसलं की नाही, सांगता येत नाही. "मी झोपलेलो हाय. गाडी भरलेली हाय अन् मी झोपलेलो हाय."

"पुसदच्या ष्ट्यांडवरचा," हरसिंग म्हणाला. "तुही माय दवाखान्यात होती तवा. रातभर तिच्यापाशी बसून सरळ ड्युटीवर आलता तू. बसला अन् लागला डोळा."

"गाडीची वेळ झाली नव्हती?"

"होऊन गेली होती. मी काही सोडली नाही. लोकायले म्हटलं, टायर पाहून राह्यलो, थांबा जरा."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "त्या दिवशी उशीर झाला तो टायरनं झाला होता ना? तू मलेही तेच सांगतलं. मी त्याच्यानंतर रोज टायर पाहत होतो, हरसिंग. उतरून उतरून पाहत होतो."

"तो टायरचा फोटो त्याच्यानंतरचाच हाय," हरसिंग म्हणाला, आणि पुन्हा त्याचं पोट हलायला लागलं.

काका हसले नाहीत. त्यांनी फोटो उन्हात तिरपा धरला आणि मागच्या सीटांवरच्या माणसांचे चेहरे एकेक करून बघू लागले. "एवढे लोक," ते म्हणाले. "कोनीच काही बोललं नाही?"

"कोनी नाही. पुढच्या सीटवर एक बाई होती, लेकरू घेऊन. तिनं तुह्याकडं पाह्यलं. मले म्हणे, झोपू द्या त्याले."

सोनाबाई उठून आत गेली, चुलीत काड्या मोडल्याचा आवाज आला. काका फोटो शर्टाच्या टोकानं पुसत होते. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

चहा झाला. फाट्याकडून गाडीचा भोंगा ऐकू आला तशी मी उठले. काका उठले नाहीत.

"तुम्ही जा मॅडम," ते म्हणाले. "मी आज इथंच हाय."

मी पायवाटेला लागले. तुरीच्या कडेशी पोचले तरी मागून त्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा सावकाश.

"हरसिंग, ते बाई काय म्हणे म्हटलं? सांग बरं पुन्हा."